पुण्याची जुनी स्क्रॅम्बलर इंदूरला नावावर करताना अर्ज कुठे अडतो

"एनओसी आहे ना, काका," असं छातीठोकपणे सांगणारे बहुतेक जण बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन आलेले असतात. एमएच-१२ नंबरची जुनी ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स मोटरसायकल पुण्याहून आणून तिला इंदूरचा एमपी-०९ नंबर घ्यायचा, तर एनओसी दोन लागतात, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

बँकेची एनओसी फक्त कर्ज फिटल्याचं सांगते. ती फॉर्म ३५ ला जोडून आरसीवरची (नोंदणी पुस्तकावरची) एचपी, म्हणजे बँकेच्या तारणाची नोंद, आधी काढून घ्यायची. मग पुण्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. एखादं ई-चलन थकलेलं असलं तरी गाडं तिथेच अडतं. हे अर्ज विकणाऱ्याच्या नावाने होतात, ओटीपीही त्यालाच येतो. म्हणून फॉर्म २८ हातात पडेपर्यंत सगळे पैसे देऊ नका. पैसे मिळाल्यावर फोन न उचलणारे सज्जन मी पुष्कळ पाहिलेत.

दुसरी गफलत मुदतीची. "बाहेरची गाडी वर्षभर चालते" हे अर्धंच खरं. १२ महिने आहेत ते इथला नंबर घेण्यासाठी. मालकी बदलल्याचं मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे ३० दिवसांत कळवायचं. काही जण सांगतात तो ४५ दिवसांचा आकडा राज्याबाहेर विकणाऱ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. नोंद होईपर्यंत मालक जुनाच, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विकणाऱ्याला एवढं ऐकवा, कागद भराभर निघतात. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, विकणाऱ्याकडेच राहते.

स्क्रॅम्बलरवाल्यांची खास अडचण म्हणजे हौसेने बदललेला रंग आणि सायलेन्सर. तपासणीत गाडी आरसीशी जुळायला हवी. मूळ सायलेन्सर माळ्यावर पडलेला असतो, सौद्यातच मागून घ्या.

आधारवर अजून गावचा पत्ता असेल तर इंदूरचा पुरावा लागतो. घरमालकाच्या नावाचं वीजबिल नुसतं दाखवून भागत नाही, भाडेकरार करून घ्या.

बाकी मालकी बदलासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, पीयूसी, पॅन, फोटो. शुल्क परिवहन पोर्टलवर भरता येतं. ते किरकोळ आहे. खरी कात्री रोड टॅक्सची. पुण्यात भरलेला इथे धरत नाहीत, मध्य प्रदेशचा वेगळा भरावा लागतो. तो आकडा आधी काढा, मग भाव ठरवायला बसा.