बेस गिटार ऐकू येत नाही? ‘बेस’च्या नॉबला हात लावण्याआधी हे वाचा

आमच्याकडून बेसचे अँप, कॅबिनेट आणि कॉम्बो भाड्याने किंवा विकत नेणाऱ्या, तसंच दुरुस्तीला आणणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सामान परत येतं आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं: “अर्धा वेळ मस्त वाजलं, मग आवाज फाटायला लागला.” आम्ही कॅबिनेट (स्पीकरचा डबा) उघडण्याआधी हेड (अँपचा नॉबवाला वेगळा डबा; दोन्ही एकत्र असतात तो कॉम्बो) बघतो, कारण नॉब बहुतेक वेळा रात्री होते तसेच असतात. बेस शेवटपर्यंत फिरवलेला, मिड (मधल्या स्वरांचा नॉब) जवळजवळ तळाला, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) बराच वर. मग जाळी काढून कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, दोन बाजूंना समोरासमोर बोटं टेकवतो आणि हळूच आत दाबतो. चांगला कोन मुकाट आत जातो आणि मुकाट बाहेर येतो. बिघडलेला असेल तर वाळूवरून कागद ओढल्यासारखी खरखर लागते. ती आधी बोटांना कळते आणि मग कानाला. खरखर लागली म्हणजे कोनला हलवणारी आतली तारेची कॉइल जागेवरून सरकली आहे, किंवा तापून तिचा आकार बिघडला आहे. मीटर लावल्यावर ८ ओहमच्या स्पीकरने साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवायला हवेत. कॉइल जळून तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. तसं झालं की कोन आणि कॉइल दोन्ही बदलावे लागतात. त्यात तुमचे दिवस जातात, आणि तेवढे दिवस आमचं एक कॅबिनेट रांगेतल्या पुढच्या बँडला मिळत नाही.

हे सगळं एका नॉबमुळे होतं, आणि टाळता येतं. म्हणून आधी त्याच्याबद्दल.

तालीम रंगात येते, ड्रमरचा हात जड होतो, गिटारवाले एकेक काटा वर जातात आणि बेसवाल्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येईनासं होतं. वाद्याचं नाव बेस आणि नॉबचं नावही बेस, त्यामुळे हात तिकडेच जातो. त्याने खोली जास्त हादरते, पण सूर काही स्पष्ट होत नाही. मग आणखी थोडा वाढवला जातो.

मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. पाच तारांच्या बेसची मोकळी बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास. पण त्या तारेतून फक्त ४१ निघत नाही. ८२, १२३, १६५ असे वरचे उपस्वरही निघतात आणि कान सूर ओळखतो तो मुख्यतः त्यांच्यावरून. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर गाणं लावलंत तरी बेसची चाल कळते ना? तो स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. कान वरच्या उपस्वरांवरून तळाचा सूर स्वतः जुळवून घेतो. शिवाय माणसाचा कान इतक्या खाली मुळात मंदच असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाच्या या स्वभावाचे आलेख मांडले होते: मधल्या स्वरांइतका जोर खालच्या स्वरांत जाणवायला कितीतरी जास्त दाब लागतो.

आता अँपच्या बाजूने बघा. ३ डेसिबल वाढवायचे तर दुप्पट ताकद लागते. बेसचा नॉब १२ डेसिबलने वर नेलात, तर त्या भागात सोळापट. जिथे २० वॅटमध्ये काम भागत होतं तिथे अँपकडे ३२० मागितले जातात. त्यातही एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट अंतर हलावं लागतं. पुढे भोक असलेल्या म्हणजे पोर्टवाल्या कॅबिनेटमध्ये ठरावीक कंपनसंख्येच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधारच राहत नाही. तो मोकाट आतबाहेर होतो. तुम्हाला हे ऐकू येत नाही, कारण तिथे कान मंद आहे. पण कॉइलला सगळं सोसावं लागतं.

आणि तुम्ही उभे कुठे असता? ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो, म्हणजे तुमच्या ई आणि एफच्या अगदी शेजारी. भिंतीपाशी तो जोरात ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. मध्ये उभा असलेला बेसवाला “येतच नाही” म्हणून नॉब फिरवतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्या कीबोर्डवाल्याचं डोकं दुखतं. दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून वाढवण्याआधी दोन पावलं सरका, आणि कॅबिनेट कोपऱ्यात ठेवलं असेल तर ते बाहेर ओढा. कोपऱ्यात तळ फुगतो आणि स्पष्टता जाते.

“बेसची लाट लांब असते, ती उलगडायला अंतर लागतं, म्हणून जवळ ऐकू येत नाही,” असंही पुष्कळ जण सांगतात. लाट लांब असते हे खरं, ४१ हर्ट्झची ८ मीटरहून जास्त भरते. पण उलगडायला अंतर लागतं हे खरं नाही. तसं असतं तर कानात घालायच्या हेडफोनमध्ये बेस आलाच नसता. जवळ ऐकू येत नाही कारण स्पीकर तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून असतो. वरचे उपस्वर सरळ रेषेत जातात. ते पहिल्या रांगेतल्या माणसाला मिळतात, तुमच्या कानापर्यंत येत नाहीत.

तेव्हा करायचं ते असं. सगळे नॉब मध्यावर. मग कॅबिनेट किंवा कॉम्बो उचलून भक्कम खुर्चीवर ठेवा, नाहीतर मागे तिरका कलवा, स्पीकर कानाकडे बघेल असा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तरीही हरवत असाल तर मिड वाढवा, तोही ४०० ते ८०० हर्ट्झच्या भागातला. अँपवर मिडची जागा बदलायचा वेगळा नॉब असेल तर तो त्यासाठीच दिलेला असतो. आवाज चिखलासारखा गढूळ वाटत असेल तर २०० ते २५० च्या आसपास थोडं कमी करा. आणि बेसचा नॉब मध्यावरून किंचित खाली आणून बघा. हे उलटं वाटेल, पण बास ड्रमचा ठोका त्याच तळात असतो आणि गिटारची जाड तारही ८२ हर्ट्झपासून सुरू होते. तिथे गर्दी करून तुम्हाला जागा मिळत नाही.

घरी एकट्याने वाजवताना मिड कापलेला, खालून भरलेला आवाज फार गोड लागतो, हे आम्हालाही मान्य आहे. तोच आवाज बँडमध्ये विरघळून जातो. म्हणून नॉब लावायचे ते ड्रमर वाजवत असताना, एकट्याने नव्हे.

पाच तारांचा बेस वाजवणारा एक मुलगा लागोपाठ तिसऱ्यांदा खरखरणारं कॅबिनेट घेऊन आला. आम्ही त्याला म्हटलं, दुरुस्ती करतो, पण या वेळी तालमीला आम्ही येतो. त्याचं कॅबिनेट जमिनीवर होतं, ड्रमच्या मागे. ते खुर्चीवर चढवलं, बेस मध्यावर आणला, मिड घड्याळात दोन वाजल्यासारखा ठेवला. मास्टर तर कमीच केला. दुसऱ्या कडव्याला ड्रमरने वाजवता वाजवता मान वळवून त्याच्याकडे बघितलं. “आज कळतंय तू काय वाजवतोयस,” हे तो गाणं संपल्यावर म्हणाला. ते कॅबिनेट त्यानंतर आमच्याकडे दुरुस्तीला आलेलं नाही.

आता कोणतं अँप घ्यावं याबद्दल. हलका ड्रमर आणि छोटी खोली असेल तर १०० वॅटचा कॉम्बो पुरतो. नेहमीच्या दणक्यातल्या तालमीला आम्ही २०० ते ३०० वॅट सुचवतो. आवाज तेवढाच ठेवूनही अँपला धाप लागू नये, म्हणून ही जास्तीची ताकद. कार्यक्रमात साऊंडवाल्यांची मोठी यंत्रणा असेल तर तुमचं अँप फक्त तुमच्यासाठी आहे, तालमीचंच चालेल. यंत्रणेत फक्त गाणं जाणार असेल आणि बेस तुमच्याच कॅबिनेटमधून लोकांपर्यंत पोचवायचा असेल, तर ५०० वॅट आणि दोन कॅबिनेट घ्या. अँप बदलून वॅट दुप्पट केलेत तर ३ डेसिबल मिळतात. त्याच हेडला तसंच दुसरं कॅबिनेट जोडलंत, आणि हेडला ते झेपत असेल, तर तळाच्या भागात ६ पर्यंत मिळतात. म्हणून मोठं हेड मागायला आलेल्या ग्राहकाला आम्ही बऱ्याचदा दुसरं कॅबिनेट देऊन पाठवतो. दोन्ही लावून ऐका आणि मग ठरवा.

“बेस म्हणजे १५ इंची स्पीकर” ही समजूत जुनी आहे. १९५२ साली फेंडरचा पहिला बासमन आला तो एका १५ इंची स्पीकरवर, तिथून ती रुजली असावी. पण १९६९ च्या अँपेग एसव्हीटीने ३०० वॅट दिले ते १० इंची स्पीकरांच्या कॅबिनेटमधून, आणि मोठमोठे मंच त्यावर गाजले. इंचांवरून आवाज ठरत नाही, डब्याच्या रचनेवरून ठरतो. वजनावरूनही ताकद मोजू नका. क्लास डी प्रकारचं ५०० वॅटचं हेड आज दोन-तीन किलोत येतं.

गिटारच्या अँपला बेस लावू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. त्या कोनला एवढं हलायची सवय नसते.

ओहमचं थोडक्यात सांगतो. ८ ओहमची दोन कॅबिनेट एका हेडला जोडली की ४ ओहम होतात, ४ ची दोन जोडली की २. हेडच्या मागे ‘किमान’ म्हणून जो आकडा छापलेला असतो त्याच्याखाली जायचं नाही. ‘५०० वॅट’ हा आकडाही सहसा ४ ओहमचा असतो. ८ ओहमच्या एकाच कॅबिनेटवर तेच हेड ३०० च्या आसपास देतं, त्यात बिघाड काही नाही. ट्रान्झिस्टरचं हेड कॅबिनेटशिवाय चालू राहिलं तरी सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हचं हेड मात्र कॅबिनेट जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

हेड ते कॅबिनेट या जोडणीला गिटारची केबल वापरू नका. दोन्हींची टोकं सारखी दिसतात, पण गिटारच्या केबलमधली तार केसासारखी बारीक असते आणि तिच्याभोवती जाळी असते. स्पीकरचा करंट त्यातून गेला की ती तापते आणि आतून वितळून शॉर्ट होऊ शकते. स्पीकॉनची (फिरवून अडकवायच्या स्पीकरच्या प्लगची) जागा असेल तिथे स्पीकॉनच लावा. ही चूक इतक्यांदा झाली आहे की आता आम्ही स्पीकरची केबल दिल्याशिवाय हेड भाड्याने देत नाही. “आमच्याकडे आहे” असं म्हणालात तरी आमची सोबत न्याच, तिचं भाडं लावत नाही.

साऊंडवाल्यांना लाईन देताना डीआयचं (अँपमधून त्यांच्या यंत्रणेला सिग्नल देणाऱ्या जोडणीचं) बटण ‘प्री’वर ठेवा, म्हणजे तुम्ही मंचावर नॉब हलवलेत तरी बाहेरचा आवाज बदलणार नाही. गुणगुण येत असेल तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढणं, तिच्यावर टेप लावणं हे कृपया करू नका, कुणीही सांगितलं तरी. त्यात स्पीकर नाही, माणूस जाऊ शकतो.

आमच्या दोन पद्धतींवर काही जण नाराज असतात. पहिली, परत घेताना आम्ही तुम्हाला पंधरा मिनिटं थांबवतो. त्या वेळात कॅबिनेटला हळू आवाजात ३० ते २०० हर्ट्झपर्यंतचा चढता स्वर देतो. कॉइल घासत असेल तर तो स्वर ठरावीक जागी खरखरतो, गाण्यात ते लपून जातं. देतानाही हेच करतो, तुमच्यासमोर. दोघांनी दोन्ही वेळा ऐकलेलं असलं की नुकसान कधीचं, यावर वाद होत नाही. फाटलेल्या कोनचा खर्च मागावा लागला तर तो त्या ऐकण्यावरच मागतो, संशयावर कधीच नाही.

दुसरी, भाड्याच्या प्रत्येक संचाबरोबर एक छोटी डबी येते, बेस आणि अँपच्या मध्ये लावायची. तो ३५ हर्ट्झचा हायपास फिल्टर आहे, म्हणजे त्याखालचे स्वर अडवणारा. आवाज पातळ होईल म्हणून ती काढून ठेवणारे बरेच आहेत. कृपया लावून एकदा वाजवा. चार तारांच्या बेसला तिने जवळपास काहीच फरक पडत नाही, पाच तारांच्या बी तारेचा तळ किंचित उतरतो. हाताच्या धक्क्याने, तारेवर अंगठा टेकवताना जो न ऐकू येणारा दणका कोनला बसतो, तो मात्र ती अडवते. ज्यांना ती आवडते त्यांना आम्ही ती विकतही देतो.

अँप घ्यायला याल तेव्हा स्वतःचा बेस घेऊन या. तुमचा बेस अॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर त्याचा आवाज मुळातच तगडा असतो आणि अँपवरचं पॅडचं (येणारा सिग्नल कमी करणारं) बटण दाबावं लागेल की नाही, हे त्याच बेसवर कळतं. शक्य असेल तर ड्रमरलाही आणा. मागच्या खोलीत ड्रम लावलेलेच आहेत. दोन-तीन अँप त्याच्यासोबत वाजवून बघा, नॉब आम्ही फिरवतो आणि कुठला का फिरवला ते सांगतो. तेवढ्यासाठी काही विकत घ्यायलाच हवं असं नाही.