युद्धकालीन सैन्यटीका व लोकप्रतिनिधी

युद्ध चालू असताना मंत्री, संसद सदस्य किंवा पक्षनेते यांनी आपल्याच देशाच्या सैन्याची सज्जता, सेनापतींचे निर्णय वा लढण्याची पद्धत यांवर केलेली जाहीर टीका. वृत्तपत्रांतील टीकेहून आणि युद्धोत्तर चौकशांहून ती वेगळी धरतात. येथे टीकाकार हा सैन्याचा खर्च मंजूर करणारा आणि सैनिकांना आघाडीवर धाडण्याच्या निर्णयात वाटेकरी असणारा माणूस असतो. तो बोलला तर शत्रूच्या हाती कोलीत दिल्याचा ठपका येतो. गप्प बसला तर ज्यांच्या जिवाची जबाबदारी त्याने पत्करली त्यांच्याविषयीच्या कर्तव्यात कसूर होते.

उगम : ही परंपरा कोठून मोजावी याबाबत एकमत नाही. बरेच संदर्भग्रंथ ती अथेन्सपर्यंत मागे नेतात. तेथे सेनापती दरवर्षी मतदानाने निवडले जात आणि मुदत संपताच त्यांना कारभाराचा हिशेब द्यावा लागे. इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीच्या आरमारी लढाईत विजय मिळूनही बुडत्या गलबतांवरील खलाशांना वाचवले नाही, म्हणून नागरिकांच्या सभेने आठ सेनापतींना एकाच ठरावाने दोषी ठरवले. हाती लागलेल्या सहा जणांना देहदंड झाला. असा एकत्रित निवाडा बेकायदा आहे, हे सॉक्रेटीसचे म्हणणे कोणी ऐकले नाही. पुढे अथेन्सकरांना पश्चात्ताप झाल्याचे ग्रीक इतिहासकार झेनोफनने नमूद केले आहे.

तथापि या उदाहरणाचा आधार कितपत घ्यावा याविषयी शंका राहते. अथेन्सचा सेनापती हाच बहुधा राजकीय पुढारीही असे. रोममध्ये सेनापती फेबियसच्या सावध डावपेचांवर इ. स. पू. २१७ मध्ये उठलेल्या टीकेलाही हाच आक्षेप लागू पडतो. ज्या अर्थाने आज हा प्रश्न विचारला जातो त्याला स्वतंत्र, पगारी सैन्य आणि त्याला पोसणारी पण स्वतः न लढणारी प्रतिनिधी सभा अशा दोन संस्था लागतात. म्हणून १६८९ हे वर्ष आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या वर्षीच्या इंग्लंडच्या हक्कांच्या सनदेने संसदेच्या संमतीवाचून शांतताकाळात खडे सैन्य ठेवणे बेकायदा ठरवले आणि सभागृहातील भाषणाबद्दल बाहेर कोठेही जाब विचारता येणार नाही अशी हमी दिली. सैनिकी शिस्तीचा कायदाही त्याच वर्षी ठरावीक मुदतीपुरताच करण्यात आला, त्यामुळे तो पुनःपुन्हा संसदेपुढे येऊ लागला. चालू युद्धात या हक्काचा ठसठशीत वापर मात्र जवळपास शतकाने, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी दिसतो. नोव्हेंबर १७७७ मध्ये माजी पंतप्रधान लॉर्ड चॅटमने उमरावांच्या सभागृहात इंग्रज सैनिकांच्या शौर्याचा गौरव केला आणि त्याच भाषणात अमेरिका जिंकता येणार नाही असे सरकारला बजावले. अमेरिकेत साराटोगा येथे इंग्रज फौजेने ऑक्टोबरमध्येच शरणागती पत्करली होती, पण ती बातमी अद्याप लंडनला पोहोचली नव्हती.

क्रिमियाची चौकशी : चालू युद्धात संसदेने सैन्याच्या दुरवस्थेचा छडा लावल्याचे अभिजात उदाहरण १८५५ चे आहे. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात सेव्हस्तपोल या रशियन बंदराला वेढा घालून बसलेली ब्रिटिश फौज १८५४–५५ च्या हिवाळ्यात लढाईपेक्षा थंडी, कॉलरा आणि उपासमार यांनीच अधिक खचली. बालाक्लाव्हा बंदरात माल पडून होता, पण काही मैलांवरच्या छावणीपर्यंत तो चढवायला धड रस्ता नव्हता आणि जनावरे चाऱ्यावाचून मरत होती. १४ नोव्हेंबरच्या वादळात हिवाळी कपडे घेऊन आलेले जहाज बुडाले. जॉन रोबक या सदस्याने सैन्याची स्थिती आणि त्याला रसद पुरवणाऱ्या खात्यांचा कारभार तपासण्यासाठी समिती नेमण्याचा ठराव मांडला. तो स्वतः इतका आजारी होता की त्याला भाषणही नीट पुरे करता आले नाही. २९ जानेवारी १८५५ रोजी ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी संमत झाला आणि पंतप्रधान ॲबरडीनचे सरकार पडले.

पुढचा वाद घटनात्मक होता. शत्रूसमोर उभ्या असलेल्या सैन्याची चौकशी हे कार्यकारी सत्तेचे काम असून सभागृहाची समिती ते करू लागली तर सेनापतीला दोन धनी होतील, असे अर्थमंत्री ग्लॅडस्टनचे म्हणणे होते. नवे पंतप्रधान पामर्स्टन यांनीही समिती मान्य केली तेव्हा ग्लॅडस्टन, ग्रॅहम आणि हर्बर्ट या तिघांनी फेब्रुवारीत मंत्रिपदे सोडली. ग्लॅडस्टनचा आक्षेप तत्त्वतः भक्कम होता. प्रत्यक्षात मात्र त्याची भीती खरी ठरली नाही. समितीने साक्षी उघडपणे नोंदवल्या, बोट मुख्यतः प्रशासनाकडे दाखवले आणि वेढ्याचे डावपेच सेनापतींकडेच राहू दिले. सप्टेंबर १८५५ मध्ये सेव्हस्तपोल पडले. तोपर्यंत झालेल्या सुधारणांचे सारे श्रेय समितीला देणे योग्य नव्हे, कारण त्यांपैकी काही तिच्या आधीच सुरू झाल्या होत्या.

अमेरिकी समित्या : सात वर्षांच्या अंतराने अमेरिकेत, यादवी युद्धाच्या वेळी, याच साधनाचा अगदी वेगळा वापर झाला. ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफच्या लढाईत सेनेटर एडवर्ड बेकर मारला गेला आणि डिसेंबरमध्ये बेंजामिन वेड याच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने युद्धसंचालनाची संयुक्त समिती नेमली. तिच्या साक्षी बंद दाराआड होत. बेकरचा वरिष्ठ जनरल चार्ल्स स्टोन याच्या निष्ठेविषयी तेथे ऐकीव साक्षी घेतल्या गेल्या. आरोप करणारे कोण आणि त्यांनी नेमके काय सांगितले हे त्याला कळू दिले नाही. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याला अटक झाली. एकही आरोपपत्र न ठेवता १८९ दिवस तो किल्ल्यांत कोंडून राहिला. सुटल्यावरही त्याची कारकीर्द सावरली नाही.

या समितीच्या मूल्यमापनात अभ्यासकांचे दोन तट आहेत. टी. हॅरी विल्यम्स यांच्या मते तिने लिंकनच्या कामात अडथळे आणले, तर हान्स ट्रेफूस यांना ती त्याच्या हातातील उपयुक्त साधन वाटते. ब्रूस टॅप यांनी समिती सदस्यांच्या लष्करी अज्ञानावर नेमके बोट ठेवले असून त्यांचे विवेचन अधिक पटण्यासारखे आहे : लढाई म्हणजे धडाडी आणि निष्ठा एवढेच असे मानणाऱ्यांना प्रत्येक पराभवात फितुरीचा वास येत होता. १९४१ मध्ये सेनेटर हॅरी ट्रूमन यांच्याकडे संरक्षण खर्चाच्या चौकशीची समिती आली तेव्हा त्यांनी हा इतिहास समोर ठेवला. कंत्राटे, मालाचा दर्जा आणि उधळपट्टी यांवर त्यांच्या समितीने मुलाहिजा न ठेवता ताशेरे ओढले. व्यूहरचनेला तिने हात लावला नाही.

जाहीर की गुप्त : पहिल्या महायुद्धात फ्रान्सने तिसरा मार्ग काढला. त्याची पार्श्वभूमी एका माणसाच्या तक्रारीत आहे. नान्सीचे प्रतिनिधी आणि राखीव दलातील अधिकारी एमिल द्रियाँ १९१५ मध्ये पूर्व फ्रान्समधील व्हर्डन या तटबंदीच्या शहराजवळ तैनात होते. किल्ल्यांतील तोफा काढून नेलेल्या, खंदकांच्या ओळी अर्ध्यामुर्ध्या, काटेरी तारा अपुऱ्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष देशानेल यांना पत्र लिहिले, गृहात भाषण केले नाही. डिसेंबरमध्ये युद्धमंत्री गाल्येनी यांनी सरसेनापती झोफ्र यांच्याकडे विचारणा केली. झोफ्र यांचे उत्तर संतापाचे होते : हाताखालचे लोक वरिष्ठांना डावलून सरकारकडे तक्रारी नेऊ लागले तर शिस्त उरणार नाही. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन हल्ला सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी द्रियाँ आपल्या तुकडीसह लढताना मारले गेले.

जूनमध्ये फ्रेंच प्रतिनिधिगृहाची पहिली गुप्त बैठक भरली आणि व्हर्डनची हयगय तेथे चर्चेला आली. वर्ष संपण्यापूर्वी झोफ्र यांच्याकडील सरसेनापतिपद गेले. गुप्त बैठकीत सदस्य आकडे आणि नावे घेऊन बोलू शकतात, शत्रूला आयती माहिती मिळत नाही, हा तिचा गुण. मतदारांना मात्र आपला प्रतिनिधी काय बोलला हेच कळत नाही. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात गुप्त बैठकाही घेतल्या आणि सर्वांत कठोर चर्चा उघडपणेही होऊ दिल्या. नॉर्वेतील अपयशावर ७ व ८ मे १९४० रोजी झालेल्या चर्चेत ॲडमिरल सर रॉजर कीझ आरमारी गणवेशात सभागृहात आले; नॉर्वेतील ट्रॉनहाइम बंदरावर धाव न घेण्याबद्दल त्यांनी आरमारी मुख्यालयाला धारेवर धरले, पण लढणाऱ्या खलाशांना दोष दिला नाही. सरकारचे बहुमत ८१ वर घसरले आणि १० मे रोजी पंतप्रधान चेंबरलेन यांनी पद सोडले. जुलै १९४२ मध्ये, उत्तर आफ्रिकेतील टब्रूक शत्रूच्या हाती पडल्यावर, चर्चिल यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला. अशी चर्चा म्हणजे देश दुबळा असल्याची कबुली, हा समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

युद्धपद्धतीवरील टीका : रसद वा नियोजनावरील टीका पचते, सैन्य निरपराधांशी कसे वागते यावरील टीका पचत नाही. १४ जून १९०१ रोजी उदारमतवादी नेते हेन्री कँबेल-बॅनरमन यांनी दक्षिण आफ्रिकेतील बोअर (डच वंशाचे वसाहतकरी) लोकांविरुद्धच्या युद्धात शेते जाळून बायकामुलांना छावण्यांत कोंडण्याच्या ब्रिटिश धोरणाला रानटी पद्धत म्हटले. आपला रोख सैनिकांवर नसून धोरणावर असल्याचा खुलासा करूनही त्यांच्यावर देशद्रोहाची राळ उठली. त्याआधी छावण्या पाहून आलेल्या ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस यांची निरीक्षणे सरकारनेच नेमलेल्या महिला आयोगाने पुढे बऱ्याच अंशी खरी ठरवली. छावण्यांतील बोअर मृत्यू २६,००० च्या वर मानले जातात. त्यांत मुलेच अधिक होती. कृष्णवर्णीयांच्या छावण्यांची नोंद अपुरी असल्याने तेथील आकडे अंदाजी आहेत. इतक्या मृत्यूंसमोर सैन्याच्या प्रतिष्ठेचा युक्तिवाद गैरलागू ठरतो. फेब्रुवारी १९४४ मध्ये बिशप जॉर्ज बेल यांनी जर्मन शहरांवरील सरसकट बाँबफेकीचा प्रश्न उमरावांच्या सभागृहात उपस्थित केला तेव्हाही त्यांच्या वाट्याला रोषच आला.

दडपशाही : जपानी संसदेत सायतो ताकाओ यांनी २ फेब्रुवारी १९४० रोजी चीनमधील युद्धाच्या उद्दिष्टांविषयी प्रश्न विचारले. भाषणाचा मोठा भाग इतिवृत्तातून काढून टाकण्यात आला आणि मार्चमध्ये त्यांचे सदस्यत्व रद्द झाले. १९४२ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. रशियात मार्च २०२२ मध्ये सैन्याची बदनामी आणि सैन्याविषयी खोटी माहिती हे गुन्हे ठरवणारा कायदा झाला. मॉस्कोतील नगरसेवक अलेक्सी गोरिनॉव्ह यांनी त्याच महिन्यात परिषदेच्या बैठकीत, युक्रेनमध्ये मुले मरत असताना मुलांची चित्रकला स्पर्धा कशी घ्यायची, असे विचारले. जुलैमध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

सैद्धांतिक मते : अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी व्यावसायिक सैन्याला त्याच्या क्षेत्रात मोकळीक द्यावी असे प्रतिपादले. एलियट कोहेन याच्या उलट, नागरी नेत्याने सेनापतींना सतत खोदून प्रश्न विचारावेत, अंतिम शब्द मात्र नेत्याचाच असावा, असे मानतात. दोघांचे लक्ष मुख्यतः सत्ताधाऱ्यांवर आहे. विरोधी सदस्याच्या जाहीर टीकेचा विचार तुलनेने कमी झाला आहे. मनोधैर्य खचते हा नेहमीचा आक्षेप मोजून दाखवणे अवघड आहे. क्रिमियात सैनिकांचे मन थंडीने आणि रिकाम्या पोटाने आधीच खचले होते, सभागृहातील भाषणांनी नव्हे. तुकड्यांच्या हालचाली, शस्त्रसाठा, आगामी बेत यांची वाच्यता टाळावी, याविषयी मात्र जाणकारांत फारसे दुमत नाही.

भारत : संविधानाच्या अनुच्छेद १०५ नुसार संसदेतील भाषणाबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. न्यायाधीशांच्या वर्तनावर चर्चा करण्यास अनुच्छेद १२१ ची मर्यादा आहे. सैन्याबाबत तसे बंधन संविधानात नाही. १९६२ च्या चीन युद्धात लढाई चालू असतानाच ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन सुरू झाले. ते लवकर बोलवावे असा आग्रह धरणाऱ्यांत राज्यसभेचे तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तोपर्यंत मंत्रिमंडळ सोडावे लागले होते. टीकेचा रोख सज्जतेतील हयगयीवर होता, जवानांवर नव्हता. त्या पराभवाची लष्करी मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये बाहेर आला. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी लोकसभा विसर्जित झालेली होती, त्यामुळे राज्यसभेचे विशेष अधिवेशन घेण्याची मागणी विरोधकांनी केली. युद्ध संपताच जुलैत के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमण्यात आली आणि सुरक्षेच्या कारणास्तव काही मजकूर वगळून तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला.