गुण लागला की गुण जुळले? संगत, फीड आणि पोरांचं वागणं

दोन मित्र एकत्र सिगरेट ओढताना सापडले की त्या रात्री दोन्ही घरांत एकच डायलॉग होतो, 'आमचा तसा नव्हता हो, त्याच्या नादाला लागला.' आता दोन्ही आया एकाच वेळी बरोबर कशा असतील? कुणीतरी एकाने सुरुवात केलीच असणार ना. किंवा मग दोघंही आधीपासून थोडे थोडे त्या वाटेवर होते आणि म्हणूनच एवढ्या मोठ्या वर्गात नेमके एकमेकांना सापडले, पण ही शक्यता कुठल्याच घरात कोणी बोलून दाखवत नाही, कारण मग दोष द्यायला शेजारचं पोरगं उरत नाही.

आपल्या भाषेत या दोन्ही गोष्टींसाठी वेगळे शब्द आधीपासून आहेत, फक्त आपण ते एकाच अर्थाने वापरून टाकतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही एक गोष्ट. इथे पवळ्याला कोणी विचारलं नव्हतं, त्याला नेऊन बांधला, आणि मग तो बदलला. 'एकाच माळेचे मणी' ही दुसरी. तिथे कोणी कोणाला बदललं नाही, मणी आधीच सारखे होते म्हणून एका माळेत आले. पहिल्याला आपण गुण लागणं म्हणू आणि दुसऱ्याला गुण जुळणं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच चित्र दिसतं, सारखी वागणारी दोन पोरं, आणि त्या एका फोटोवरून काय झालं ते सांगताच येत नाही, त्यासाठी आधीचा फोटो पण लागतो.

तो आधीचा फोटो काढायचं काम डेनिस कँडेल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी केलं. त्यांचा 1978 चा पेपर आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांवर. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा मुलांना विचारलं, तुझा जवळचा मित्र कोण, तू गांजा ओढतोस का, पुढे किती शिकायचंय, बारीकसारीक गुन्हे वगैरे. मग त्यांनी तीन प्रकारच्या जोड्या वेगळ्या केल्या, ज्यांची मैत्री वर्षभर टिकली, ज्यांची तुटली आणि ज्यांची नव्याने झाली. नव्याने झालेल्यांच्या बाबतीत मैत्रीच्या आधीच ती दोघं बरीच सारखी होती, जी तुटली ती आधीच एकमेकांपासून लांब होती, आणि जी टिकली ती वर्षभरात अजून सारखी झाली. म्हणजे जुळणं पण आणि लागणं पण, आणि दोन्हीचा वाटा साधारण सारखाच निघाला. माझ्या मते हा निकाल प्रत्येक पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवायला हवा, कारण आपण सगळा हिशोब लागण्याच्या खात्यावर टाकतो आणि जुळण्याचं खातं उघडतच नाही.

यात एक तिसरी भानगड पण आहे, ती पटकन सांगून पुढे जातो. दोघं सारखे झाले ते एकमेकांमुळे नाही आणि आधी सारखे होते म्हणूनही नाही, तर दोघांवर एकच पाऊस पडला म्हणून. एकच शाळा, तेच शिक्षक, तेच परीक्षेचं टेन्शन, वय पण तेच. 2007 मध्ये ख्रिस्टाकिस आणि फाउलर या अमेरिकी संशोधकांचा पेपर खूप गाजला होता, मित्र जाड झाला की आपण जाड होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते असा, आणि लगेच जाडेपणा संसर्गजन्य आहे अशा बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल आणि फ्लेचर या दोघांनी तशाच पद्धतीचा हिशोब किशोरवयीन मुलांच्या माहितीवर लावून बघितला, पण पिंपल्स, डोकेदुखी आणि उंची या गोष्टींसाठी. तर त्या हिशोबात उंची पण मित्राकडून 'लागते' असं दिसलं! मित्र उंच झाला म्हणून कोणी उंच होत नाही हे सांगायला संशोधक लागत नाही, पण त्यांचा मुद्दा हाच होता, की ज्या फूटपट्टीत उंचीचा पण संसर्ग दिसतो त्या फूटपट्टीवर किती विश्वास ठेवायचा.

मग गुण लागतो हे खरं तर आहे ना? आहे, शंभर टक्के आहे, पण ते दाखवायला पवळ्याला खरोखर नेऊन बांधावं लागतं, म्हणजे कोण कोणाच्या शेजारी बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाला रूममेट जवळजवळ असेच वाटले जायचे, त्यावर ब्रूस सॅसरडोट यांनी 2001 मध्ये लिहिलं. रूममेटचा परिणाम मार्कांवर दिसला, विद्यार्थ्यांच्या क्लबात जायचं की नाही यावर दिसला, पण मुख्य विषय कुठला निवडायचा यावर नाही दिसला. मला यातली शेवटची गोष्ट जास्त बोलकी वाटते. संगत सगळीकडे सारखी घुसत नाही, रोजच्या सवयीत घुसते, आयुष्याच्या मोठ्या निर्णयात तेवढी घुसेलच असं नाही.

दुसरा प्रयोग मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा, 2005 चा, 306 जणांवर. एक साधा गाडीचा व्हिडिओ गेम, सिग्नल पिवळा झाला तरी जितकं पुढे जाल तितके पॉइंट, पण धडक झाली की सगळं गेलं. काहींनी एकट्याने खेळायचं, काहींनी दोन मित्र शेजारी बघत असताना. एकट्याने खेळताना तिन्ही वयोगट बऱ्यापैकी सारखेच सावध होते, पण मित्र आले की 13 ते 16 ची पोरं सुसाट, 18 ते 22 वाले थोडे कमी, आणि 24 च्या वरच्यांना मित्र असले काय नसले काय फारसा फरकच नाही. नंतर 2011 मध्ये स्टाइनबर्ग यांच्याच गटाने मेंदूचे स्कॅन घेऊन बघितलं तर मित्र बघताहेत एवढं कळलं तरी किशोरवयीन मुलांच्या मेंदूतले बक्षिसावर चेकाळणारे भाग जास्त जागे झालेले दिसले. म्हणजे त्या वयात धोका कळत नाही असं नाहीये, कळतो, पण कोणीतरी बघतंय याची मजा त्याच्यापेक्षा मोठी होते. 'एकटा असताना किती समजूतदार असतो हो' असं जे आया म्हणतात ना, ते शब्दशः खरं आहे.

आता मोबाईलवर या. इथे हे दोन्ही ओळखणं अजून अवघड, कारण मोबाईलवर 'कोणीतरी बघतंय' हे कधी संपतच नाही आणि त्याचा आकडा पण खाली लिहिलेला असतो. 2016 मध्ये लॉरेन शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात 32 मुलामुलींना स्कॅनरमध्ये झोपवून इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले, आणि फोटोखालचे लाइक संशोधकांनी स्वतःच ठरवून टाकलेले होते, तोच फोटो कोणाला खूप लाइकवाला तर कोणाला कमी लाइकवाला दिसला. पोरांनी जास्त लाइकवालाच लाइक केला, दारू-सिगरेटचे फोटो होते त्यात पण तसंच. फोटो तोच, बदलला फक्त आकडा, म्हणजे इथे जुळण्याचा काही संबंधच नाही, हे शुद्ध लागणं.

पण सगळं असं शुद्ध नसतं. सिनान अराल आणि आणखी दोघा संशोधकांचा 2009 चा अभ्यास आहे, याहूच्या मेसेंजरवरच्या सुमारे 2 कोटी 70 लाख लोकांचा, एक नवीन मोबाईल सेवा मित्राने घेतली की आपण पण घेतो का यावर. वरवर बघितलं तर साथ पसरल्यासारखं दिसत होतं. पण एकसारख्या माणसांशी एकसारखी माणसं ताडून बघितल्यावर लक्षात आलं की त्या 'पसरण्या'तला निम्म्याहून जास्त भाग नुसता गुण जुळण्याचा होता, आणि जुन्या पद्धतीने मोजलं असतं तर मित्राचा प्रभाव 300 ते 700 टक्क्यांनी फुगवून सांगितला गेला असता. मित्राने घेतलं म्हणून मी घेतलं असं नाही, मित्र आणि मी दोघंही तसली गोष्ट घेणाऱ्यातलेच होतो, म्हणून तर मित्र होतो.

आणि खरा घोळ पुढे आहे. मित्रांमध्ये जुळणं आणि लागणं या दोन वेगळ्या पायऱ्या असतात, आधी ओळख, मग मैत्री, मग हळूहळू रंग, त्याला महिने जातात आणि मध्ये भांडणं होतात, कंटाळा येतो, सुट्टी लागते. फीडमध्ये या दोन पायऱ्या एकमेकींना चिकटवलेल्या आहेत. तू एका रीलवर दोन सेकंद जास्त थांबलास, हे झालं जुळणं. अल्गोरिदमने ते टिपलं आणि तसलीच दहा अजून आणून ओतली, हे झालं लागणं. त्या दहातल्या एकावर अजून थोडं थांबलास, की परत जुळणं. तासाभरात किती फेऱ्या होतात ते मोजायलाच नको, आणि शेवटी पोरगं म्हणतं 'मलाच आवडतं ते' आणि आई म्हणते 'त्या मोबाईलने बिघडवला', आणि या वेळेला मात्र दोघंही अर्धे अर्धे बरोबर असतात. मित्र निदान कधीतरी 'बास झालं यार, दुसरं काहीतरी बोल' म्हणतो. फीड कंटाळत नाही.

मोबाईल आणि उदासीचा वाद पण याच दोन गोष्टींच्या गोंधळावर उभा आहे. जास्त वेळ सोशल मीडियावर असणारी मुलं जास्त उदास, हा फोटो झाला. आधी काय झालं? कॅनडातल्या टेलर हेफर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये तीच मुलं पुन्हा पुन्हा तपासली, तर सोशल मीडियामुळे पुढे उदासी वाढलेली दिसली नाही, उलट किशोरवयीन मुलींमध्ये आधी उदासी होती आणि नंतर सोशल मीडियाचा वापर वाढला असं दिसलं. मग सोशल मीडिया निर्दोष का? इतकी घाई नको. फेसबुक 2004 ते 2006 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांना एकेक करून मिळत गेलं, कुठे आधी कुठे नंतर, आणि हा पवळ्याला नेऊन बांधण्याचाच प्रकार झाला. ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन यांनी 2022 मध्ये त्यावरून दाखवलं की जिथे फेसबुक आलं तिथे विद्यार्थ्यांची मानसिक तब्येत ढासळली, आणि त्यामागे दुसऱ्यांशी स्वतःची तुलना हे कारण असावं. दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध वाटतात, पण वय वेगळं, काळ वेगळा आणि प्रश्नही वेगळा. एकात ज्याचं त्याने किती वापरायचं ते ठरवलं होतं, दुसऱ्यात ते एकेका अख्ख्या कॉलेजावर एकदम येऊन पडलं.

एवढं वेगळं करून काय करायचं असं वाटेल, तर उपाय बदलतो ना. गुण लागला असेल तर शेजार बदलून फरक पडतो, तुकडी बदला, ॲप काढा. गुण जुळले असतील तर तुकडी बदलल्यावर पोरगं आठवड्यात तसलाच दुसरा मित्र शोधून काढतं आणि वर घरच्यांवर राग धरून बसतं ते वेगळंच. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना मोठ्या सोशल मीडिया ॲप्सवर अकाउंट ठेवता येत नाही, तो कायदा सरळ सरळ लागणं धरून केलेला आहे, जुळण्याचं काय होतं ते तिथे हळूहळू कळेल.

आणि दोन्ही गोष्टी न ओळखता उपाय केला की उलटा पण बसतो. टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हेच मांडलं, की वाट चुकू लागलेल्या मुलांना सुधारायला म्हणून एकत्र गटात बसवलं तर काही ठिकाणी ती अजून बिघडली. जुळलेले मणी आपणच एका माळेत ओवले आणि वरून लागायला निवांत वेळ दिला. डिशन यांनी दुसऱ्या एका अभ्यासात मित्रामित्रांच्या गप्पांचं रेकॉर्डिंग करून बघितलं होतं, कोणी नियम मोडल्याचं सांगितलं की दुसरा हसायचा, आणि ज्या जोड्यांत अशा गोष्टींवर जास्त हसू होतं त्या पुढे जास्त बिघडल्या. कोणी कोणाला 'चल, कर' म्हटलं नव्हतं, नुसतं हसायचे. त्या हसण्याचं बटण करून फोटोखाली लावलं की त्याला आपण लाइक म्हणतो.

माझ्या भाचीबरोबर आम्ही एक साधा प्रयोग केला. ती पंधराची आहे, तिच्या फीडमध्ये अर्धे व्यायामाचे आणि अर्धे 'असं दिसायचं असेल तर हे खाऊ नका'वाले रील असायचे, आणि तिची आई म्हणायची ॲपने डोकं फिरवलंय, ती म्हणायची मलाच बघायचे असतात. म्हटलं भांडू नका, फीड रीसेट करू, आता बऱ्याच ॲपमध्ये ती सोय आहे, सगळं पुसून कोरं होतं, आणि मग बघू आपणहून काय परत येतं. याला प्रयोग म्हणणं पण जास्तच आहे, एक मुलगी, एक फोन, आणि मामा बघतोय हे तिला माहीत, पण तरी. व्यायामवाले दोन दिवसांत परत आले, शोधून आणले तिने. खाऊ नकावाले पंधरा दिवस नाही आले आणि तिला आठवण पण नाही झाली. तिच्या आईने लगेच मला 'बघ, मी म्हटलं नव्हतं' असा लुक दिला.

सोळाव्या दिवशी आला एक. फीडमधून नाही, वर्गातल्या मैत्रिणीने पाठवला होता, खाली हसण्याचे तीन इमोजी टाकून. भाचीने पण उत्तरात तीन टाकले. आता ती मैत्रीण तिने का निवडली हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही.