कांदा भाजला तरी कुत्र्यासाठी निर्धोक होत नाही

कुत्र्यासाठी घरी खिमा आणि भाज्यांची बिस्किटे भाजणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: कांदा-लसूण कच्चा असेल तरच कुत्र्याला बाधतो, ओव्हनमध्ये भाजल्यावर त्यातील दोष निघून जातो. हे खरे नाही.

भाजल्यावर कांद्याचा उग्रपणा कमी होत असल्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अपाय करणारी गंधकयुक्त संयुगे शिजवल्याने किंवा वाळवल्याने निष्प्रभ होत नाहीत. त्यांच्यामुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण होते, पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात बदल घडवू शकतो, म्हणजे ५ किलोच्या पॉमेरेनियनला एक मध्यम कांदाही पुरे. कांद्याची भुकटी तर त्याहून तीव्र. लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे ‘काल खाल्ले, काही झाले नाही’ हा पुरावा ठरत नाही.

कांदा-लसूण आहे का हे पाहण्यासाठी तयार मसाल्याच्या किंवा सूपच्या पाकिटावरील घटक वाचावेत. शंका आल्यास पशुवैद्यक रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पेशींतील हाइन्झ पिंड (बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या बारीक गुठळ्या) ओळखू शकतात. बिस्किटांसाठी हाडे काढलेली कोंबडी, गाजर, लाल भोपळा आणि फरसबी मीठ-मसाल्याविना पुरेशी आहे.