बुळकांडी ते लम्पी: कानातल्या बिल्ल्यामागचा इतिहास

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात ओळख-नंबराचा बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. दोन-तीन गुरं बाळगणाऱ्या कोकणातल्या घरांना हा नियम म्हणजे आणखी एक सरकारी कटकट वाटली, तर त्यात नवल नाही. पण त्यामागे दीडशे वर्षांची रोगांची कहाणी आहे, आणि ती माहीत असली तर बिल्ल्याकडे बघण्याची नजर बदलते.

एकोणिसाव्या शतकात गुरांचा खरा काळ म्हणजे बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा साथीचा रोग. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. १८७१ साली पशुरोग आयोगाचा अहवाल आला, १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली (तीच पुढे आजच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला हलली) आणि १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये सगळं जग. एवढा मोठा रोग संपला, तोही प्रत्येक जनावराला स्वतंत्र नंबर न देता! कारण त्या रोगाच्या स्वभावातच होतं. एकदा लस टोचली की जनावर जवळपास जन्मभर सुरक्षित.

लाळ्या-खुरकूत तशी नाही. तिच्या विषाणूचे सात प्रकार, त्यातले ओ, ए आणि एशिया-१ हे तीन आपल्याकडे फिरतात. लसीचा जोर साधारण सहा महिन्यांत ओसरतो. मोठं जनावर सहसा मरत नाही, म्हणून पूर्वी लोक ‘येते नि जाते’ म्हणून सोडून द्यायचे. पण चिखलणीच्या तोंडावर बैलाच्या खुरांच्या बेचक्यात फोड आले, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, की जोत बंद आणि लावणी लांबली. वासरं तर दगावतातच. बरा झालेला बैलसुद्धा कधी कधी पुढे उन्हात उभ्या उभ्या धापा टाकतो, कामाचा राहत नाही. हे नुकसान मेलेल्या जनावरांच्या आकड्यात कधीच दिसत नाही.

अशा रोगाशी लढायचं तर कोणत्या जनावराला लस कधी टोचली आणि पुढची कधी द्यायची, हे नेमकं ठाऊक हवं. बिल्ल्याची गरज इथे सुरू होते. त्याआधीही कर्जाच्या आणि विम्याच्या गुरांना बिल्ले मारले जायचे, पण ते भरपाईच्या कागदापुरते. रोगाशी त्यांचा संबंध नव्हता.

खरा धडा मिळाला तो २००१ मध्ये ब्रिटनला. तिथे लाळ्या-खुरकूत उघडकीस येईपर्यंत बाजारांतून मेंढ्या देशभर पोचल्या होत्या. गाईंना पासपोर्ट, म्हणजे एकेकीच्या हालचालींची नोंद असलेले कागद होते, मेंढ्यांना एकेकीचा नंबर नव्हता. ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. पुढे ऑस्ट्रेलियाने गुरांना आणि युरोपने २०१० पासून मेंढ्या-शेळ्यांना चिप असलेले बिल्ले सक्तीचे केले. त्या चिपला बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेलं की त्याच्याच लहरींवर ती आपला नंबर सांगते.

आपण स्वस्त वाट धरली. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गाभण जनावरं गाभडवणारा रोग) यांच्याविरुद्ध १३,३४३ कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि लसीकरणाला बिल्ला जोडला गेला. आपल्या बिल्ल्यात चिप नाही. पिवळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे, त्यावर बारकोड आणि १२ अंक. पकडीने तो कानाच्या मध्यभागी, शिरा चुकवून बसवतात. इलेक्ट्रॉनिक आहे ती नोंद: मालक, वय, लस, कृत्रिम रेतन, सगळं आता ‘भारत पशुधन’ प्रणालीत जातं.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, ओडिशात लम्पी हा अंगावर गाठी आणणारा गुरांचा रोग आढळला. २०२२ मध्ये तो महाराष्ट्रभर पसरला. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, गुरांचे बाजार थांबले. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचावी लागली. दुभत्या गाईला ३०,००० आणि बैलाला २५,००० रुपये भरपाई ठरली. लम्पी पसरवणाऱ्या माश्या-गोचिडांना बिल्ला अडवत नाही. पण आजारी भागातून आलेलं जनावर कुठलं आणि त्याला लस झाली का, हे त्या नंबरावरून कळू शकतं.

कोकणात याला वेगळा अर्थ आहे. भात कापणी झाली की गुरं सड्यावर, कातळावर मोकळी सुटतात आणि वाडीवाडीची एकत्र चरतात. इथे एका गोठ्याने लस घेऊन भागत नाही, सगळी वाडी झाली पाहिजे. शिवाय घाटावरून बैल विकत आणण्याची जुनी रीत आहे. व्यवहार होतो, पैसे दिले जातात, पण प्रणालीत मालकाचं नाव बदलून घ्यायचं राहतं. मग पुढे साथ आली की नंबर जुन्या मालकाच्या गावाकडे बोट दाखवतो. करवंदीच्या जाळीत अडकून बिल्ला तुटतो, पावसाळ्यात कानाची जखम चिघळते. म्हणून शक्यतो पावसाआधीच बिल्ला मारून घ्यावा, जखमेवर लक्ष ठेवावं आणि बैल घाट उतरल्याच्या आठवड्यातच दवाखान्यात नेऊन त्याची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी.