उरलेले बारा किलो : जावातल्या ‘वरच्या’ पूर्णांकामागचा इतिहास

रावेर-यावलच्या केळीचा हिशेब घेऊ. एका खोक्यात १३ किलो केळी बसतात, माल आहे १००० किलो. खोकी किती लागतील? ७६ खोक्यांत ९८८ किलो बसतात, १२ किलो उरतात, म्हणजे ७७ वं खोकं लागणारच. माझ्याकडे शिकायला येणारी जळगाव-धुळ्याची मुलं हे तोंडी सांगतात. तीच मुलं जावा या प्रोग्रामिंग भाषेत १००० / १३ असं लिहितात आणि पडद्यावर ७६ येतं. मग कुणाला तरी मॅथ.सील, म्हणजे संख्या वरच्या पूर्णांकावर नेणारं फंक्शन, आठवतं, तो अख्खा भागाकार त्याच्या कंसात टाकतो. उत्तर येतं ७६.०. बारा किलो अजून जमिनीवरच.

दोन्ही संख्या इंट (पूर्णांकांचा प्रकार) असल्या की जावा भागाकार करतानाच बाकी टाकून देते. सीलच्या हाती पडतो तो कोरा ७६, त्याला वर न्यायला अपूर्णांक उरलेलाच नसतो. १३ च्या जागी १३.० लिहिलं की ७६.९२ च्या आसपासची संख्या पोहोचते आणि ७७.० मिळतं.

बाकी टाकायची ही रीत जावाने काढलेली नाही. १९५७ च्या फोरट्रान भाषेतही पूर्णांकांचा भागाकार असाच कापला जाई. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात (अधिकृत नियमावलीत) ऋण संख्यांचं काय करायचं हे त्या त्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर, सोडलं होतं. कायम शून्याच्या दिशेने कापायचं, हे १९९९ च्या प्रमाणात ठरलं. जावाची पहिली आवृत्ती १९९६ ची. एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही मशीनवर तसाच चालेल हे तिचं वचन होतं, त्यामुळे तिथे अशी मोकळीक ठेवणं शक्यच नव्हतं. -७ / २ म्हणजे -३, सगळीकडे.

‘सील’ म्हणजे सीलिंग, छत. गणितज्ञ गाउसने १८०८ मध्ये संख्येचा पूर्णांक भाग दाखवायला चौकटी कंस वापरला होता, पण वरच्या पूर्णांकाला वेगळं चिन्ह नव्हतं. ‘फ्लोअर’ आणि ‘सीलिंग’ ही जोडी, नावं आणि चिन्हांसकट, संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हरसनने १९६२ मध्ये दिली. सी भाषेच्या लायब्ररीतून सील जावात आलं ते डबल (दशांश संख्यांचा प्रकार) परत करायची सवय घेऊनच. त्याला कारण आहे. डबलमध्ये तीनशेहून अधिक अंकी संख्या मावते, लाँगमध्ये (इंटपेक्षा मोठा पूर्णांक प्रकार) जेमतेम १९ अंकी. शिवाय डबलमध्ये अनंतही असतो. म्हणून उत्तर इंटमध्ये बसेल की नाही हे बघून कास्ट करायची, म्हणजे प्रकार बदलून घ्यायची, जबाबदारी आपली.

टाकलेल्या बाकीचा त्रास संगणकाआधीचाही आहे, आणि इथे मला चाळीसगावजवळचं पाटण आठवल्याशिवाय राहत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात सापडला. त्या ज्योतिषात अहर्गण, म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेले दिवस, काढताना अधिकमासांची आणि क्षयतिथींची पूर्णांक लब्धी (भागाकार) घेतात, शेष (बाकी) सोडतात. त्यामुळे दिवस एकाने चुकू शकतो. म्हणून आलेला वार खऱ्या वाराशी ताडून पाहायचा आणि गरजेप्रमाणे एक मिळवायचा किंवा वजा करायचा. आजचा प्रोग्रामर ‘एकाने चुकलं’ म्हणतो तेव्हा मला हाच हिशेब दिसतो.

दशांशाकडून वेगळीच अडचण येते. आयईईई ७५४ हे संगणकात दशांश संख्या कशा ठेवायच्या याचं १९८५ चं प्रमाण. जावाचे डबल त्यावर उभे आहेत. ते द्विमान पद्धतीत साठवले जातात, तिथे १.१ अचूक बसत नाही. किलोला १.१ रुपये आणि माल १०० किलो, तर गुणाकार ११० पेक्षा किंचित जास्त येतो आणि सील तो १११ करतो. एक रुपया कुठूनही न येता चढतो! पैशांसाठी १९९७ च्या जावा १.१ मध्ये बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) आलं, पुढे २००४ च्या जावा ५ मध्ये राउंडिंगमोड, म्हणजे संख्या कुठल्या बाजूला न्यायची ते सांगणारे पर्याय. त्यात ‘अप’ आणि ‘सीलिंग’ वेगळे आहेत: -३.५ ला अप -४ करतो (शून्यापासून दूर), सीलिंग -३ करतो (मोठ्या संख्येकडे). येणं आणि देणं एकाच वहीत असेल तर हा फरक आधी समजून घ्यायलाच हवा.

खोक्यांसाठी मात्र डबलकडे जायची गरजच नाही. जुने प्रोग्रामर (१००० + १३ - १) / १३ लिहितात, उत्तर ७७. धन संख्यांना हे चोख चालतं, पण संख्या इंटच्या मर्यादेजवळ असेल तर बेरीजच उलटून ऋण होते. मार्च २०२२ च्या जावा १८ मध्ये मॅथ.सीलडिव्ह आलं, ते भागाकार करून थेट वरचा पूर्णांक देतं. त्याला १००० आणि १३ द्या, ७७ मिळतं, आणि तो इंटच असतो, कास्ट लागत नाही.