शेतीपंपापासून चार्जरपर्यंत : विजेच्या वाहनांच्या भाराची पार्श्वभूमी

विजेवर चालणारी वाहने मोठ्या संख्येने रस्त्यावर आली तर आपली वीजयंत्रणा तो भार पेलेल का, असे कोल्हापुरात गाडी घ्यायला निघालेला माणूस विचारतो, तसेच वीज वितरणात काम करणारेही विचारतात. प्रश्न आजचा असला तरी या जिल्ह्याने त्याच जातीचा एक भार गेल्या साठ वर्षांत आधीच अंगावर घेतला आहे, आणि तो म्हणजे शेतीपंपांचा. पाच अश्वशक्तीचा पंप साधारण ३.७ किलोवॉट वीज घेतो. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंगला लावलेली मोटारगाडी सुमारे ३.३ किलोवॉट घेते, आणि भिंतीवर बसवायचा ७.४ किलोवॉटचा चार्जर दहा अश्वशक्तीच्या पंपाच्या बरोबरीचा ठरतो. त्यामुळे चार्जरांचे पुढे काय होईल हे समजून घ्यायचे असेल, तर पंपांचे काय झाले ते आधी पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

एकूण विजेचा हिशेब तुलनेने सोपा आहे. विजेची दुचाकी किलोमीटरला ढोबळमानाने ३० वॉट-तास खर्च करते, म्हणजे दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला एक युनिट (हजार वॉट-तास) पुरते. तेवढ्याच अंतराला मोटारगाडीला पाचेक युनिटे लागतात. राज्यात दहा लाख मोटारी रोज अशा फिरल्या तरी ५० लाख युनिटे होतील, आणि महाराष्ट्राचा रोजचा वीजवापर ५० कोटी युनिटांच्या वर आहे. एक टक्क्याच्या आत-बाहेरची ही वाढ उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रांमुळे होणाऱ्या वाढीपुढे फार मोठी नाही. तेव्हा वीज पुरेशी तयार होईल का, यापेक्षा ती कोणत्या वेळी आणि कोणत्या तारेतून मागितली जाईल, याला अधिक महत्त्व आहे. ही दोन्ही दुखणी या भागात जुनी आहेत.

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि निधीअभावी ते रखडत पुढे पूर्ण झाले. तिथले वीजगृह मोजक्या मेगावॉटचेच राहिले. या पट्ट्याचे चित्र बदलले ते शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयनेने. १९५४ मध्ये काम सुरू झालेल्या या प्रकल्पातून १९६२ पासून वीज मिळू लागली, आणि टप्प्याटप्प्याने वाढत त्याची क्षमता १,९६० मेगावॉटवर गेली. त्याच सुमारास, १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी तारा पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे आले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेची वीजनिर्मिती थांबली, तेव्हा एकाच ठिकाणावर किती भिस्त ठेवली गेली होती, हे राज्याला कळले.

कोयनेच्या बाबतीत एक मर्यादा नेहमी नजरेआड होते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. त्यामुळे क्षमता मोठी असली तरी कोयनेची जनित्रे बारा महिने चोवीस तास चालवता येत नाहीत. मागणी चढते त्या वेळेसाठी ती राखून ठेवावी लागतात. सायंकाळी सहा ते दहा ही त्यातली महत्त्वाची वेळ, आणि नोकरदार घरी येऊन गाडीला चार्जर लावतो तीही नेमकी तीच.

तारा खेड्यात पोहोचल्यावर पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा या नद्यांच्या काठी उपसा योजना आणि विहिरींवरचे पंप उभे राहिले आणि ऊस वाढला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठरावीक आकारणी सुरू झाली. ती राबवायला सोपी होती, पण कोणत्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या किंवा शेतातल्या रोहित्रावर, किती वीज जाते हे मोजणेच त्यामुळे मागे पडले. कागदावर तीन अश्वशक्तीचा असलेला पंप शेतात पाचचा किंवा साडेसातचा निघू लागला, आणि शंभर केव्हीए क्षमतेच्या डीपीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त मोटारी जोडल्या गेल्या. त्यात वीज कधी येईल याचा भरवसा नसल्याने शेतकऱ्याने स्टार्टरला ऑटो स्विच लावला, म्हणजे रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा. त्यात त्याचा दोष धरता येत नाही. थंडीत मध्यरात्री उसाच्या फडात सापा-गव्याच्या भीतीने जाण्यापेक्षा तो मार्ग शहाणपणाचाच होता. परंतु पंपाची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, आणि फीडर, म्हणजे डीप्यांना वीज पुरवणारी वाहिनी, चालू होताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की फ्यूज उडतो, दाब कोसळतो, कधी रोहित्रच जळते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुसरी डीपी येईपर्यंत उभे पीक वाळते. ऑटो स्विच काढा आणि दाब सावरणारा कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण आजही करते.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की चार्जरच्या बाबतीत ऑटो स्विचची जागा घड्याळ घेऊ शकते. स्वस्त विजेची वेळ ठरावीक ठोक्याला सुरू होत असेल आणि प्रत्येक गाडीचा टायमर त्याच ठोक्याला लावलेला असेल, तर भार एका झटक्यात वर जाईल. चार्जर पंपाच्या मोटारीसारखा सुरुवातीचा मोठा धक्का देत नाही, हा फरक खरा आहे. पण तो चार-पाच तास सलग तेवढाच भार घेत राहतो. शहरातल्या रोहित्रांना आजवर मध्यरात्रीनंतर निवायला वेळ मिळत असे आणि त्यांच्या आतल्या तेलाचे व वेष्टनाचे आयुष्य त्या विश्रांतीवर बरेच अवलंबून असते. रात्रभर चार्जिंग सुरू राहिले तर ती विश्रांती उरणार नाही, हे एप्रिल-मे महिन्यांत विशेष जाणवेल.

विजेचा तुटवडा हा या कथेतला मधला अध्याय. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या, त्या काळात राज्यभर भारनियमन चालू होते. पुढे भारनियमनाचे तास फीडरनिहाय गळती आणि वसुली पाहून ठरू लागले, आणि बिले भरणाऱ्या भागांना त्याची झळ कमी बसली. गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे करण्याचे कामही याच काळातले. ते नसते तर आज खेड्यातल्या घरी गाडी चार्ज करण्याचा विचारही करता आला नसता. दरम्यान ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतातले ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे एकमेकांना जोडलेले जाळे, कोसळले, तेव्हा पश्चिम विभाग वाचला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले. त्यानंतर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातली वीज कोणत्याही कोपऱ्यात नेणे शक्य झाले, आणि ३० मे २०२४ रोजी देशाने सुमारे २५० गिगावॉटची (अडीच लाख मेगावॉटची) मागणी भागवली. वरच्या पातळीवरची यंत्रणा किती भक्कम झाली आहे, याचा हा पुरावा मी मानतो.

वाहनांचे धोरण या मजबूत होत गेलेल्या पायावर आले. विजेच्या वाहनांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ पासून दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने राबवला गेला. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यामुळे त्यासाठी वितरणाचा परवाना लागत नाही, असे ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि खासगी चार्जिंग केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्राने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे आणली. सवलती, पथकर, नोंदणी यांविषयी त्यांत पुष्कळ तरतुदी आहेत, मात्र गल्लीतल्या डीपीविषयी फारशी चर्चा झाली नाही.

वेळेच्या प्रश्नाला कोल्हापूरकडे स्वतःचे एक उत्तर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी इंडक्शन भट्ट्या घेतल्या, तेव्हा त्यांच्या वीजबिलात दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लागू होता. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत मिळत असल्याने अनेकांनी लोखंड वितळवण्याचे काम रात्रपाळीत नेले. दराने माणसाची सवय बदलते, हे इथे वर्षानुवर्षे दिसले आहे. आता सौर वीज वाढल्याने स्वस्ताईची वेळ दिवसाकडे सरकत आहे. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या सुधारणेनुसार सौर तासांतला, म्हणजे भर उन्हाच्या वेळेतला, दर नेहमीपेक्षा कमी असावा आणि सायंकाळचा दर जास्त असावा, असे तत्त्व घालून दिले आहे. शेतीपंपही आता दिवसाच्या सौर विजेवर जात आहेत. २०२२ मध्ये दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून शेतकऱ्यांनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मांडला होता. ती मागणी सौर कृषिवाहिनी योजनेतून जसजशी पुरी होईल, तसतसा रात्रीचा काही भार आपसूक हलका होईल आणि तेवढी जागा वाहनांना मिळू शकेल. ही जमेची बाजू आहे, फक्त शेताचा फीडर आणि शहराचा फीडर वेगळे असल्याने तिचा लाभ वरच्या पातळीवरच होतो.

साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) संध्याकाळीही खात्रीची वीज देतात, पण ती गळीत हंगामापुरती. उन्हाळ्यात, म्हणजे गरज सर्वांत मोठी असते तेव्हा, त्यांच्या भट्ट्या थंड असतात.

सगळ्यात सोपा भार हा बसचा आहे. पीएम ई-बस सेवा योजनेतून केएमटीला, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेला, १०० बस मंजूर आहेत. एका बसला रात्रीत २०० युनिटे लागतात असे धरले तरी २० हजार युनिटे होतात, आणि ती सहा-सात तासांत द्यायची तर सुमारे तीन मेगावॉटचा भार पडतो. एखाद्या मोठ्या फाउंड्रीएवढा हा भार एकाच डेपोत, ठरलेल्या वेळी आणि स्वतंत्र वाहिनीवर असतो, त्यामुळे अभियंत्याला त्याची आखणी करता येते. महापुराचा विचार मात्र करावा लागेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्यात उपकेंद्रे आणि डीप्या बुडून शहराच्या मोठ्या भागाची वीज बंद करावी लागली होती. तेव्हा महामार्ग बंद झाल्याने पेट्रोल-डिझेलचीही टंचाई झाली होती, म्हणजे केवळ विजेलाच नाव ठेवता येणार नाही. पण चार्जिंगची केंद्रे पूररेषेच्या वर असली पाहिजेत, हा धडा दोन्ही पुरांनी दिला आहे.

अवघड आहे ती गल्ली. शंभर केव्हीएची डीपी प्रत्यक्षात सुमारे नव्वद किलोवॉट देते आणि साठ-सत्तर घरे तिच्यावर आज सुखाने चालतात, कारण सगळ्यांची सगळी उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. त्या घरांत चाळीस दुचाकी आल्या आणि प्रत्येकीचा चार्जर ७०० वॉटचा असला, तर सगळे एकदम लागले तरी २८ किलोवॉट होतात, तेवढे निभावते. पण ७.४ किलोवॉटचे दहा चार्जर एकाच संध्याकाळी लागले, तर ७४ किलोवॉट तिथेच संपतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्क अशा बंगल्यांच्या वस्तीत मोटारी आधी येतील आणि तिथे नवी डीपी बसवायला जागाही सापडेल. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेत दुचाकी बोळात उभी राहते, बॅटरी काढून वरच्या मजल्यावर न्यावी लागते, आणि रोहित्रासाठी चार फूट मोकळी जागा शोधणेही कठीण जाते. अपार्टमेंटमध्ये वाहनतळाचा मंजूर भार लिफ्ट आणि पाण्याच्या मोटरीपुरताच घेतलेला असतो. २०२४ च्या नियमसुधारणेने वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तो वापरून रीतसर अर्ज केला तर त्या डीपीवर किती चार्जर आहेत याची नोंद महावितरणकडे राहते. घरातल्याच मीटरवरून गुपचूप वायर खाली सोडली, तर ती नोंद राहत नाही आणि भार मात्र वाढतो, जसा तीनच्या नावाखाली चालणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या पंपांनी वाढवला होता.